पासंग

खंडेराव मार्केटच्या मागच्या गल्लीत
आमचं दुकान, तराजू दुरुस्त करण्याचं.
पाटीवर अजून वडिलांचंच नाव, अहरोन रणपिसे,
मराठीत आणि गुजरातीत. 'ण'चा रंग उडालाय.

वडिलांचा देव वजनमापं खात्यातला साहेब होता.
न सांगता येईल,
वजनं उलटी करून शिक्का बघेल.
म्हणून आमच्या घरी
साखर मोजून डब्यात पडायची.
म्हणून आई हसायच्या आधी खिडकी लावायची.
मला पट्टा बसायचा तेव्हाही
वडील मोठ्यानं मोजायचे,
एक कमी नको, एक जास्त नको.

अन्यायी नव्हता हो माणूस.
गिऱ्हाइकाचे चार आणे परत द्यायला
फत्तेगंजपर्यंत चालत गेलेला.
पण प्रभुभोजनाची थाळी बाकापाशी आली
की हात मागे घ्यायचा.
"अजून वजन भरत नाही," म्हणायचा.
बाकीचे खोकायचे.
बावीस वर्षं.

माझा देव कधी बदलला, नीट आठवत नाही.
बहुतेक जसीबेनच्या तागडीपाशी.
भाजीवाली. म्हणाली, ढीली थई गई छे, भाई.
पारडं उलटं केलं तर खाली चिंचेचा गोळा,
अंगठ्याएवढा, वाळून काळा.
तिनं पाहिलं. मी पाहिलं.
वडील गल्ल्यावर असते तर बाजार गोळा झाला असता.
मी चाकूनं तो खरवडला,
पारडं राखेनं घासलं,
दुसऱ्या बाजूला जरा उणं होतं
तिथं पितळेचा तुकडा डाखला.
म्हटलं, आता बरोबर आहे. वीस रुपये.
ती बराच वेळ गेली नाही.

पर्सिस म्हणते, तुझा देव उधारी वसूल करत नाही,
मग लाइटबिल काय तो भरणार?
तिचंही खरं आहे.
वहीत बारा नावं आहेत, पाच तर मी विसरून गेलोय,
आणि हे विसरणं दया की आळस
ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वडील आता खाटेवर. उजवा हात थरथरतो.
रोज रात्री विचारतात, आज काय कमी भरलं?
मी म्हणतो, तुम्ही जेवला नाहीत, तेवढंच.

काल पाळक घरी आले,
रुमालात भाकरीचा तुकडा घेऊन.
वडिलांनी हात मागे घेतला, सवयीनं,
पण आता तो मागेही नीट जाईना,
मधेच डुलत राहिला, न ठरणाऱ्या काट्यासारखा.
मी त्यांच्या मनगटाखाली बोट लावलं.
एकच. उचललं जराशानं.

तराजूला असं बोट लावणं
खात्याच्या कायद्यानं चोरी आहे.
बघणारा बघत असेलच.