चिलटं मोजताना

तबेल्याच्या आढ्याला टांगलेल्या
जांभळ्या दिव्यानं रात्रभर ओढलेली चिलटं
लिमाकात्सो सकाळी बशीत ओतते.
तिळाहून बारीक. पंखांवर करडे ठिपके,
बोटानं पुसून विसरावेत असे.

एकशे बारा. एकशे तेरा.

यातलीच एखादी चावली असेल
मोखेथीच्या तांबड्या घोड्याला.
डोळ्यांवरचे खळगे सुजून वर आले,
नाकातून फेस,
आणि एवढं थोरलं जनावर
उभ्या उभ्या, कोरड्या जमिनीवर,
स्वतःच्याच छातीत बुडालं.

मोखेथी दारात. खांद्यावर घोंगडं, हातात रिकामा लगाम.
"सापडली का?" विचारतो,
जसं चौकीवर चोराबद्दल विचारावं.

ती भिंगावरून डोळा काढत नाही.
"उरलेले दोन थाबा-त्सेकाच्या चढावर ने.
दव गोठेपर्यंत खाली आणू नकोस."

तो जात नाही.

एकशे चौदा.
हिचं पोट अजून लाल आहे.