चेंज द व्हॉइस

नववी ब-च्या बेचाळीस वह्या
दोन पिशव्यांतून घरी आणल्या,
घणसोली डेपोपासून रिक्षात मांडीवर घेऊन.
गृहपाठ साधाच होता :
स्वतःची दहा वाक्यं लिहा, आणि व्हॉइस बदला.

स्वतःची म्हटलं तरी निम्म्यांनी
गाईडमधला राम आणला.
द मँगो वॉज ईटन बाय राम.
द मँगो वॉज ईटन बाय राम.
बाराव्या वहीपर्यंत मला त्या आंब्याची कीव यायला लागली.
चहा गार. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

मधूनच एखादं वाक्य पेन धरून ठेवतं.
साईराज ढोणे : द टेम्पो वॉज पुश्ड बाय माय फादर.
इक्रा सय्यद : द टीव्ही वॉज सोल्ड.
कुणी, ते लिहिलेलं नाही.
मी लाल शाईत बाय लिहिलं, पुढे टिंबं दिली,
मग तिची मागच्या महिन्यातली गैरहजेरी आठवली
आणि टिंबं खोडली.
पुस्तकात सवलत आहेच :
कर्ता माहीत नसेल, किंवा महत्त्वाचा नसेल,
तर गाळला तरी चालतो.

एकोणतिसावी वही प्रचिती मढवीची. तळवली गावठाण.
कव्हरवर होडीचं स्टिकर, अर्धं नखाने खरवडलेलं.
सातवं वाक्य : अवर लँड वेन्ट.
खाली बाण.
अवर लँड वॉज वेन्ट. खोडलंय.
अवर लँड वॉज वेन्ट बाय. हेही खोडलंय, कागद फाटेपर्यंत.
मग पेन्सिलीत, मराठीत, बारीक :
मॅडम, हे होत नाही.

बरोबर आहे तिचं. नाहीच होत.
गो अकर्मक. अकर्मकाला पॅसिव्ह नसतो,
हे मीच शिकवलंय, फळ्यावर चौकट आखून.
पण ती घरात ऐकते तसंच लिहून आलीय.
जमीन गेली.
वीज जाते तशी, दावं तोडून गाय जाते तशी,
रात्रीतून एखादा माणूस जातो तशी गेली.
कुणी नेली, ते त्या वाक्यात मावतच नाही.

मी मूळची आर्वीची. इथे सेक्टर सातमध्ये भाड्याने,
तिसरा मजला, सहा वर्षं.
या फरशीखाली आधी काय होतं, भात की मीठ,
कधी विचारलं नाही.
दर अकरा महिन्यांनी करार करते,
त्यात जागेचं वर्णन असतं, चारी दिशांसकट.

सव्वाअकराला टाचणवही उघडली.
सोमवारी मुख्याध्यापकांची सही लागते.
घटक : प्रयोग. साहित्य : खडू, फळा.
अध्ययन निष्पत्ती : विद्यार्थी वाक्यातील कर्ता ओळखतात.
हे दरवर्षी लिहिते. या वेळी
'ओळखतात'वर पेन थोडं थांबलं, इतकंच.
प्रचितीच्या सातव्या वाक्याला
बरोबरची खूण केली नाही. चूकही दिली नाही.

दुसऱ्या दिवशी चौथा तास, पंखा एकच चालू.
तिला जागेवर उभी केली आणि म्हटलं, क्रियापद बदलून बघ.
गो सोड. टेक घे.
ती ओठांतल्या ओठांत पुटपुटली, मग मोठ्याने :
अवर लँड वॉज टेकन.
छान, मी म्हटलं, आणि स्वतःलाच तो शब्द आवडला नाही.
मागून साईराज : मॅडम, बाय कोण?
कुणी हसलं. कुणी चार नावं घेतली,
एक ऑफिसचं, एक कुणाच्या तरी काकाचं.

मी म्हटलं, घरी विचारून ये.
आत्ता बाय लिही आणि पुढे जागा सोड.

तिने स्केलपट्टी आडवी ठेवली,
वहीकडे बघितलं, मग माझ्याकडे.
किती ओळी सोडू, मॅडम?

तेवढ्यात इक्राने हात वर केला होता.
मी तिच्याकडे वळले.