वाढ

विद्यापीठामागचे मोर ओरडून गप्प झाले,
आता लॅबमध्ये फक्त सर्व्हरचा पंखा.
हेमलता मगदूम सातवी रात्र
एकाच रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचा हिशोब मांडतेय.

पेशीच्या दारात एक प्रथिन असतं.
बाहेरून निरोप आला की आत सांगतं: वाढ.
हे बिघडलेलं. निरोप नसतानाही
वाढ, वाढ,
पंगतीतल्या बहिऱ्या वाढप्यासारखं,
पान भरलं तरी आणखी एक पळी.

तिला हवाय पानावर आडवा धरलेला
एक हात. छप्पन्न अणूंचा.

वडील उद्यमनगरात फाउंड्रीचे लाकडी पॅटर्न करायचे.
म्हणायचे, ओतीव निवताना आकसतं,
तेवढी सूट आधीच ठेवावी, सूतभर.
इथं सूत कुठून धरायचं, आबा?
इलेक्ट्रॉनला कड नसते,
नुसता असण्याचा दाटपणा,
कुठे जास्त, कुठे विरळ.

पहाटे आकडा आला.
गणित बरोबर. रेणू खाचेत बसत नाही.
ती एक मिथाइल काढते, काम पुन्हा रांगेत लावते
आणि डबा उघडते.
चार भाकरी, झाकणाला चिकटलेला झुणका.

पुरे म्हटलं होतं तिनं निघताना.
आईनं ऐकलं नव्हतं.