नमुना

तेहतीस वर्षं मी नाशिकरोडच्या छापखान्यात
नोटा तपासल्या.
एक रेघ फिकी, एक आकडा तिरका,
की कागद बाजूला.
ही सवय माणसाबरोबर निवृत्त होत नाही.
आता मी पाककृती तपासतो.

पुस्तक मिळालं बुधवारच्या बाजारात, गोदाघाटावर,
कुकरच्या शिट्ट्या आणि बिनकिल्लीची कुलपं मांडलेल्या गोणपाटावर.
शेवटची पानं नाहीत, वीस रुपये.
विकणारा म्हणाला, चित्रं बघा, चित्रं चांगली आहेत.
चांगलीच होती.
निळा समुद्र, पत्र्याचं छप्पर,
धुरात उभी एक दणकट बाई, कमरेवर हात,
जणू मी तिच्या दारात उधार मागायला आलोय.

पहिली चूक पान अठ्ठ्याऐंशीवर:
साहित्यात कबाबचिनी दोन चमचे,
कृतीत तिचा पत्ताच नाही.
मी पेन्सिलीने फुली मारली
आणि रविवार कारंजाला काष्ठौषधीच्या दुकानात गेलो.
बरणी उघडली, तर
लवंग, दालचिनी, जायफळ
एकाच दाण्यात भांडत बसलेली.

कॅलालू म्हणून जे छापलंय
ते आपलं अळूचं फदफदं,
भेंडी आणि नारळाच्या दुधाशी सोयरीक जमलेलं.
दालपुरी म्हणजे पुरणपोळीची चुलत बहीण,
गूळ नाकारून जिऱ्याचा हात धरलेली.
पण ओळख लागत नाही तिथे मी जास्त रमतो.
आधी साखर जाळायची, तेलात, काळपट होईस्तोवर,
मग त्यात कोंबडी.
मीनाक्षी दारातून बघत होती.
"जन्मभर माझा पाक करपला की बोलणारा माणूस!"
दोंदेवहिनींनी बेल वाजवून विचारलं, काही जळतंय का.
म्हटलं, जळत नाहीये, जाळतोय.

जुलैत गंगापूर रोडच्या एका हॉटेलावर पाटी लागली:
शनिवारी कॅरेबियन थाळी.
मी इस्त्रीचा शर्ट घातला. पेन्सिल खिशात.
थाळीत पनीर आलं, जर्क पनीर,
वर डाळिंबाचे दाणे. फुली.
बाजूला तळलेल्या केळ्याचे काप,
कडेला कुरकुरीत, आत मऊ, जरा तिखट.
त्यांच्यात काही सापडेना.
आचाऱ्याला बाहेर बोलावलं.
रोहिदास, सिन्नरचा, तेवीसेक वर्षांचा,
हात पुसत आला, तक्रार ऐकायच्या तयारीने.
म्हटलं, थाइम कुठून आणलास?
"काका, पानओवा आहे. आमच्याच गच्चीवरचा."
म्हटलं, मीही तोच घालतो.
दोघं जरा वेळ बोललो नाही.
मग तो हळूच म्हणाला,
"पण खरं असंच लागतं का हो?"

रिक्षा द्वारकेच्या चौकात अडकली, तोवर मी तिथेच अडकलेला.
छापखान्यात टेबलावर खरा नमुना असायचा.
त्याच्याशेजारी ठेवून बाकीचं खोटं ठरवायचं.
इथे नमुना कुठाय?
ती बाई, तिचा धूर,
ती टोपीसारखी मिरची, जिला म्हणे जर्दाळूचा वास येतो,
मी कधी हुंगलेली नाही.
नमुना न बघता
मी घरात बसून नोटा छापतोय,
आणि पकडायला कोणी नाही.

वाईट वाटायला हवं होतं.
मी रिक्षा भद्रकालीकडे वळवायला सांगितली,
डझनभर केळी घेतली, पिकत आलेली.

श्रावण संपता संपता रोहिदास घरी आला,
दह्याच्या रिकाम्या डब्यात एक रोप घेऊन.
गिरणाऱ्याला त्याच्या मामाचं पॉलिहाऊस आहे,
तिथे कुणीतरी ते बी लावून पाहिलंय.
चार पानं आहेत. मिरची लागेल तेव्हा लागेल.
मी रोज पान चुरगाळून हुंगतो.
जर्दाळू नाही. पानाचाच वास.

आज कॅलालूत मीनाक्षीने चमचा बुडवला,
जिभेवर धरला, छताकडे बघितलं.
मी थांबलो होतो, जसा साहेबापुढे थांबायचो.
"मीठ कमी."
पुस्तक उघडून पाहिलं.
मीठ लिहिलंच नव्हतं.
पेन्सिल कुठे ठेवली, सापडेना.