परत मागवण्यात येत आहे

पत्र डीलरच्या पोरानं आणून दिलं
आणि चहा न घेताच गेला.
तेव्हाच कळायला हवं होतं.
'बॅच के-सतरा. आतील जोडणी सैल राहिल्याने
उष्णता वाढून आग लागण्याची शक्यता.
सर्व चार्जर तत्काळ परत मागवण्यात येत आहेत.'
येत आहेत.
धारूरच्या बसस्टँडसमोर अडीच फुटी काउंटरमागे
मी एकटाच बसतो.

के-सतराचे चाळीस आले होते, पांढरे, गुळगुळीत,
एकशे ऐंशीला एक, ओळखीत दीडशे.
पावती कुणी मागत नाही, पण मला वहीची खोड.
नाव माहीत नसलं तर खूण:
तेलगावचे गुरुजी. पंक्चरवाला शकूर.
हिरवी साडी, सोबत लेक.

मोटरसायकलला गोणी बांधली आणि निघालो.
गुरुजींनी पत्र मोठ्यानं वाचलं,
'शक्यता'खाली लाल रेघ मारली,
म्हणाले, किती टक्के ते लिहिलेलं नाही.
शकूरनं वायर कधीच कापली होती,
तिनं पंपाची नळी आवळून बांधली होती.
ती सोडवून घेताना मलाच चोरासारखं झालं.
चोरांब्यात एकानं पाच चार्जर पुढं केले,
एकही माझ्या दुकानाचा नव्हता.

आसरडोहच्या चंद्रकलाबाईंनी चार्जर पदराखाली धरला.
"चालू हाय की. कामून देऊ?"
पेटतो, म्हणालो.
"आजवर पेटला का?"
या आजवरला माझ्याकडं उत्तर नव्हतं.
नवा दिला. त्यांनी दोन्ही तळहातांवर तोलले.
"जुनाच बरा. बघ, ऊब हाय ह्याला."
मी हात लावला.
ऊब होती.

एकोणचाळीस गोणीत आले.
गोणी रात्री घरात ठेवेना, ओट्यावर ठेवली,
दोनदा उठून बघून आलो.
बायको म्हणाली, पिनेत नसलेला चार्जर
म्हणजे दात पाडलेला साप, झोपा.
पण दात असलेला एक बाहेर होता.

हिरवी साडी म्हणजे भोगलवाडीची कुशावर्ता,
हे कळायला आठ दिवस गेले.
तिच्या दाराला कुलूप. दसऱ्यानंतरच टोळी गेलेली,
निपाणीच्या पुढं कुठंतरी, ऊस तोडायला.
मुकादमानं नंबर दिला, वर हसला,
"चार्जरपायी एवढं?"
मी विचारलं, राहतात कशात?
"कोपीत की. पाचटाच्या."
पाचट किती वाळलेलं असतं ते मी त्याला विचारलं नाही.

फोन लावत राहिलो.
बंद आहे, बंद आहे.
पहिले दोन दिवस जीव खालीवर झाला,
तिसऱ्या दिवशी उलटंच कळलं.
बंद म्हणजे बरं. बंद म्हणजे कुठं काही लावलेलं नाही,
बॅटरी मेली आणि कोपी उभी आहे.
सकाळी दुकान उघडलं की मी नंबर लावायचो
आणि ती बाई म्हणायची, क्रमांक बंद आहे,
मग मी उदबत्ती लावायचो.

काल संध्याकाळी रिंग वाजली.
हातातला स्क्रूड्रायव्हर खाली पडला.
"हॅलो, कोण?" लेक होती, आठ-नऊ वर्षांची.
आई कुठंय?
"गाडी भरायलेत. मी बाळाजवळ हाय."
तुमचा चार्जर, पांढरा, कुठं ठेवलाय?
"ठेवला न्हाई. बल्बाच्या वायरीला जोडलाय.
तसंच बोलायलेय. बॅटरी खराब हाय,
काढला की फोन बंद पडतो."

काढ, म्हणालो.
"बंद पडंल की मामा."
पडू दे. काढ, बाहेर टाक, मातीत.
"आईनं काढू नको म्हणलंय."
मी सांगतो आईला. काढ, बाळा.

पलीकडं काही तरी सरकलं.
बाळ रडलं थोडं.
मग फोन बंद.

तिनं काढला.
काढला म्हणूनच बंद झाला, दुसरं काय.
तेव्हापासून मी नंबर लावतोय,
क्रमांक बंद आहे, क्रमांक बंद आहे,
आणि आज ते ऐकून
उदबत्ती लावायला हात उचलत नाही.

वहीत चाळिसाव्या ओळीपुढं जागा रिकामी आहे.
कंपनीला कळवायचं आहे, किती परत आले.