छाट

वैशाखात, पत्र्याखाली,
सोलापूर त्रेचाळीसवर उकळत असताना
मी चादर मागितली.
अत्तम्मा हसली.
अंबादास नुकताच मागावरून आलेला,
बनियन पिळत म्हणाला, चादरी आपण विकायला विणतो गं,
मे महिन्यात पांघरायला नाही.
मला खरंच थंडी वाजत होती.

पोरगी सात महिन्यांची.
पहिले तीन महिने मी वेगळीच होते:
छातीत कुणी यंत्रमाग चालू ठेवून गेलंय,
झोप नाही, घाम, हाताला कंप,
आणि तरी दिवसाला हजाराच्या वर विडी.
गल्लीतल्या म्हणाल्या, बाळंतीण कशी काटक राहिली बघा.
मलाही बरं वाटलं ते ऐकून.

मग कुणीतरी बटण बंद केलं.

ओल्या फडक्यात पान मऊ व्हायची वाट बघत
मीच मऊ होत गेले, सुजत गेले.
सूप मांडीवर, कात्री हातात,
आणि पुढचं काय ते आठवेना.
केस फणीत, केस तंबाखूत,
एकदा पोरीच्या मुठीत.
आवाज असा घोगरा
की निजवायला गेले तर ती दचकायची.

कारखान्याच्या कार्डावर सगळं लिहिलेलं आहे.
अकराशे. नऊशे. साडेसहाशे.
चारशे, त्यात छाट सत्तर.
ते तसं कुणी वाचलं नाही.
मुनीम म्हणाला, लक्ष नाही तुझं, श्यामला.
दवाखान्यात लोहाच्या गोळ्या दिल्या, दोनदा.
अत्तम्मानं मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकल्या,
ठसका लागला नाही तशी म्हणाली, बघ, नजरच.
आई फोनवर म्हणाली, बाळंतपणानंतर असतंच.
असतंच.
हा शब्द मी महिनाभर चघळला.

विड्या मोजून घेते ती मेहरूनआपा.
तिनं कट्टे बाजूला सारून माझा गळा बघितला.
थुंकी गिळ, म्हणाली. परत गिळ.
काळी पोत वर गेली, खाली आली,
आणि तिच्याखालचं काहीतरी तिच्याबरोबर.
पोत कधीपासून आवळते?
मला वाटलेलं, दोरा आटला असेल.

चारच्या आसपास हवा, तिथे अठ्ठावन्न आकडा होता.
हजारात मोजणारी मी,
मला अठ्ठावन्न कळेना.
फुलपाखरासारखी ग्रंथी असते, डॉक्टरबाई म्हणाल्या.
मला डोळ्यांसमोर पान आलं,
साच्यावर कापलेलं, भिजवायचं राहून गेलेलं.

आता पहाटे गोळी, उपाशीपोटी.
विडीच्या टोकाहून लहान.
पुढचा अर्धा तास चहासुद्धा नाही,
म्हणून नुसती बसते भिंतीला टेकून.
कुणी हटकत नाही, डॉक्टरांनी सांगितलंय.

अजून सातशेच होतात.
छाट कमी निघते.

काल अत्तम्मा उंबऱ्यात बसली होती.
एवढ्या उन्हातही पदर कानांवरून घट्ट,
इतकी वर्षं मी ते बघत आलेय, बघितलं नव्हतं.
तिनं पोतीत बोट घालून फिरवलं.
एकदा गिळलं. थांबून परत.
मग शेजारणीसाठी विचारावं तसं विचारलं,
त्या रक्ताला किती पैसे पडतात?