खालचा सूर

चाकणच्या गाडी-कारखान्यातला एदिल्सन
शनिवारी चारच्या सुमारास दुकानात आला.
काखेत काळी पेटी, बिजागरीच्या जागी सुतळी.
म्हणाला, आईची आहे. ब्राझीलहून आणली.
विमानात मान मोडली.

मी मिरजेचा. आमच्यात आधी वाद्याला हात लावतात,
मग माणसाला चहा विचारतात.
गिटारपेक्षा कंबर बारीक. दहा तारा, पण जोडीजोडीनं पाच,
म्हणजे हिच्यात एकटं कुणी वाजणारच नाही.
आडवी धरली तर आत काहीतरी खुळखुळलं.
म्हटलं, पट्टी सुटली असेल.
तो हसला. सापाच्या शेपटीचं आहे ते.
आवाज गोड राहतो म्हणे, आणि नजर लागत नाही.
(आमच्या अब्बांनी भोपळ्यात काय ठेवलं होतं
ते मी त्याला सांगितलं नाही.)

तिसऱ्या पडद्याला खड्डा, पाचव्याला खड्डा,
सातव्यापुढे जवळजवळ कोरं लाकूड.
बाई वर फारशा गेलेल्या नाहीत, मी म्हटलं.
चहा निवेपर्यंत तो गप्प.
मग म्हणाला, ती दुसरा आवाज होती.

तिकडे गावाकडची गाणी जोडीनं म्हणतात.
थोरली झेनाइदे वरून चाल न्यायची,
धाकटी झुल्मिरा एक सूर सोडून खालून,
जुवाखालचा आतला बैल चालतो तशी.
कॉफीच्या मळ्यातून उठून पहाटे पाचचा रेडिओ,
लाल मातीचे पाय दाराशी पुसून.
मग सर्कशीचे तंबू. सिंहानंतर ह्या दोघी,
सिंहाचा वास अजून भुश्श्यात.
मग ट्रकवाल्यांच्या खाणावळीत कॅसेटी,
वर फोटो: एकाच ताग्यातले दोन झगे,
टोपी एकच, म्हणून एकीच्या डोक्यावर, एकीच्या हातात.
पैसे?
ते झेनाइदेच्या नवऱ्याला ठाऊक.

आणि एका रविवारी झेनाइदे
नव्या प्रार्थनाघरातून परतली ती ठरवूनच.
जत्रेतली गाणी पाप आहेत.
मेली असती तर रडता तरी आलं असतं,
ती तर समोरच्याच घरात, खिडकीत भाजी निवडत.

पुढचा कार्यक्रम ठरलेला. झुल्मिरा एकटी गेली,
तोंड उघडलं, आणि खालचाच सूर आला.
लोक थांबले. वाट पाहू लागले.
मागच्या बाकावरच्या एका म्हातारीनं वरचा उचलला.
मग दुसरीनं.
एकोणीस वर्षं ती तशीच गायली,
अर्धं गाणं घेऊन गावोगाव.
मधे कुणी एक पोरगी जोडीला दिली होती, गळा चांगला,
पण श्वास चुकीच्या जागी घ्यायची.

पुढे मोठे दिवे आले, चकचकीत पट्ट्यांचे पोरगे आले,
म्हाताऱ्या बाकांवरून एकेक उठत गेल्या.
शेवटी समोर कुणी वरचा सूर जाणणारं उरलं नाही.
तेव्हा तिनं ही पेटी माळ्यावर टाकली
आणि मोहल्ल्यातल्या बायकांचे केस कापू लागली.

त्यानं फोनवर एक जुनी फीत लावली.
खरंच, खालचाच.
चाळीस वर्षं तारा जुळवतो आहे,
म्हटलं, वरचा मी लावून दाखवतो.
सतारीवर एक काढला. तो म्हणाला, हा नसावा.
दुसरा काढला. म्हणाला, माहीत नाही.
मी अंगाईसुद्धा खालच्या सुरातच ऐकलीये.

मान जोडायला आठ दिवस, सरस पावसाळी हवेत उशिरा धरतो.
आगाऊ पाचशे घेतले. पावती फाडली.
खुळखुळ्याचं काय? आत राहू दे, म्हणाला.

रात्री शटर अर्ध्यावर ओढलं
तर नदीपात्रात ढोलपथकाचा सराव सुरू झाला होता.
एकेका टोल्याला भिंतीवरच्या सतारी गुणगुणत होत्या,
शिकंज्यात अडकलेल्या हिला तर अजून ताराही नव्हत्या.
फक्त आतलं ते सापाचं,
जरासं उशिरा, टोल्याच्या मागोमाग.